गाठोडे सोडून पाहावे काय?

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस मध्यमवर्गीय घरात माळा उतरविण्याचा एक कार्यक्रम असतो. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेले नसते अशा ट्रंका, वळकट्या आणि जुन्या साडीत बांधलेली बोचकी खाली येतात आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, प्रत्येक बोचके सोडा, आत झुरळ आहे की कसर लागली आहे ते पाहा. दुसरा म्हणतो, बांधलेले आहे ते राहू द्या. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी सोडू आणि तेव्हाच झटकून घेऊ. आमच्या घरी हा वाद दरसाल होतो व दरसाल पहिल्या पक्षाचा, म्हणजे अर्थातच गृहलक्ष्मीचा, विजय होतो.

यंदा हाच वाद आमच्या कॉलेजात झाला. फक्त बोचके निराळे होते. ग्रंथालयातल्या संगणकावर नवा अँटिव्हायरस बसवावयाचा होता. बसविणाऱ्या तरुणाने ग्रंथपालांना विचारले, "सर, झिप फायलींच्या आत शिरून तपासू द्यायचे का याला? इथे एक चौकोन आहे. बरोबरची खूण करू की नको?" ग्रंथपाल मोठे सावध गृहस्थ. त्यांनी तो चौकोन मधल्या सुट्टीत आमच्यापुढे आणून ठेवला. पदार्थविज्ञानवाल्यांनी तत्काळ 'होय' म्हटले. वाणिज्यवाल्यांनी 'फुकट वेळ जातो' म्हणून 'नको' म्हटले. मराठीच्या माणसाला यातले काय कळणार, असे कोणी बोलले नाही. पण मत विचारावयास माझ्याकडे कोणी वळलेही नाही. तेव्हा मी तो विषय घरी नेला आणि महिनाभर त्याचाच अभ्यास केला. त्याचे फलित या सदराच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

झिप फाइल म्हणजे दाबून बांधलेले गाठोडे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण संगणकातला मजकूर दाबावयाचा म्हणजे काय करावयाचे? आरत्यांचे छोटे पुस्तक आपल्या देव्हाऱ्यात असेलच, ते उघडून पाहा. धृपद पहिल्यांदा संपूर्ण छापलेले असते. पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसते '॥धृ.॥'. म्हणणारे सगळे ते पूर्ण म्हणतात, छापणाऱ्याचा कागद मात्र वाचतो. फाइल दाबण्याची युक्ती थेट हीच. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी उचल' एवढी खूण ठेवावयाची. ही कल्पना अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव या दोन इस्रायली पंडितांनी १९७७ साली मांडली. तिला जोड मिळाली ती अमेरिकेतल्या डेव्हिड हफमन यांच्या १९५२ सालच्या युक्तीची: वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण द्यावी, क्वचित येणाऱ्याला लांब. (हफमन तेव्हा विद्यार्थी होते. 'परीक्षा द्या किंवा निबंध लिहा' असे प्राध्यापकांनी सांगितल्यावर त्यांनी निबंध पत्करला आणि त्यातून हा शोध लागला. ही गोष्ट मी वर्गात सांगत नाही.) फिल कॅट्झ नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८९ साली झिप फाइल जगापुढे आणली. हा माणूस अवघ्या ३७ व्या वर्षी, २००० साली वारला. पण आजही जवळजवळ कोणतीही झिप फाइल आतून पाहिली तर तिची पहिली दोन अक्षरे 'पी' आणि 'के' निघतात, ती त्याच्या नावाची.

आता अँटिव्हायरसची अडचण पाहा. आपल्या पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी दुरुस्तीच्या धंद्यातून वाढविलेला 'क्विक हील' असो की परदेशातला कोणताही, त्याच्याजवळ ठाऊक असलेल्या व्हायरसांच्या खुणांची एक मोठी वही असते. फाइल आली की तिच्यात त्यांपैकी एखादी खूण दिसते का, ते तो पाहतो. हल्ली तो वागणुकीवरूनही संशय घेतो, पण वही सुटलेली नाही. मजकूर दाबला की त्यातली अक्षरे बदलतात. मागच्या जागी '॥धृ.॥' येते आणि खूण दिसेनाशी होते. गाठोडे सोडल्यावाचून आतला व्हायरस ओळखता येत नाही. आणि सोडावयाचे म्हणजे वेळ लागतो.

किती वेळ लागतो हे ज्यांनी मुंबईच्या वेशीवर मुलुंडचा किंवा दहिसरचा जकात नाका पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ते नाके गेले. तोवर मालमोटारींच्या रांगा लागत असत. प्रत्येक मोटारीतले प्रत्येक खोके फोडले असते तर शहराला भाजीपाला मिळाला नसता. संगणकाचेही तसेच. एखाद्या झिपमध्ये वीस हजार छायाचित्रे असली, तर तिला नुसता हात लावताक्षणी ती सगळी सोडून पाहणारा पहारेकरी घरात ठेवणे म्हणजे कपाट उघडण्यापूर्वी पंचनामा करण्यासारखे आहे. म्हणून कित्येक अँटिव्हायरस आपल्या चोवीस तासांच्या पहाऱ्यात गाठोडी सोडीत नाहीत. मुद्दाम सांगितलेल्या तपासणीतच सोडतात.

हा आळस नव्हे. गाठोड्यातला व्हायरस निपचित असतो. झिपमध्ये असेपर्यंत तो चालू शकत नाही. चालावयाचा तर प्रथम त्याला सोडून संगणकाच्या तबकडीवर मांडावे लागते. आपण झिपमधल्या फाइलवर दोनदा टिचकी मारतो तेव्हा ती तिथल्या तिथे उघडल्यासारखी वाटते. वस्तुतः ती आधी कुठल्यातरी तात्पुरत्या कप्प्यात सोडली जाते. त्याच क्षणी चोवीस तासांचा पहारेकरी तिला गाठतो. शिवाय त्याची वही रोज वाढते. मार्चमध्ये आलेल्या गाठोड्यातला नवा व्हायरस मार्चच्या वहीत नसेल. ऑक्टोबरात आपण ते सोडू तेव्हा तो वहीत आलेला असण्याचा संभव अधिक. म्हणजे उघडताना केलेली तपासणी ही आल्याबरोबर केलेल्या तपासणीहून पुष्कळदा जास्त शहाणी असते. वाणिज्यवाल्यांना हे ठाऊक नव्हते. ते नुसते वेळ वाचवावयास निघाले होते. पण त्यांची बाजू खरी होती.

उलट, प्रत्येक गाठोडे सोडावयाचेच असा ज्याचा हट्ट, त्याच्यासाठी काही उपद्व्यापी मंडळींनी एक खास गंमत करून ठेवली आहे. जे गाणे म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत नुसते धृपदच, ते किती थोड्या जागेत छापता येईल याची कल्पना करा. तशाच एकसुरी मजकुराच्या झिप फायली, त्या दुसऱ्या झिपमध्ये, त्या तिसऱ्या झिपमध्ये, अशी थरांवर थर चढवून केलेली '४२ डॉट झिप' नावाची एक फाइल प्रसिद्ध आहे. तिचे वजन जेमतेम ४२ किलोबाइट. सगळे थर सोडले तर आतून साडेचार पेटाबाइट, म्हणजे सुमारे ४५ लाख गिगाबाइट मजकूर बाहेर येतो. हिला 'झिप बाँब' म्हणतात. ती काही चोरीत नाही, काही बिघडवीत नाही. सोडणाराच सोडून सोडून कोलमडतो. थर मोजून थांबावे, हा त्यावरचा उपाय. तर २०१९ साली डेव्हिड फिफील्ड यांनी एकच थर असलेली फाइल करून दाखविली. भार सुमारे १० मेगाबाइट, सोडली की २८१ टेराबाइट!

तेव्हा शहाणा अँटिव्हायरस मर्यादा आखून घेतो: इतके थर, इतके मेगाबाइट, त्यापुढे नाही. यात गैर काही नाही. माझी तक्रार पुढच्या गोष्टीविषयी आहे. मर्यादेपलीकडे जे पाहिले नाही त्याविषयी अहवालात काय लिहिले जाते? 'धोका आढळला नाही.' हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि फसवे आहे. उत्तरपत्रिकेला शेवटी दोऱ्याने बांधलेली पुरवणी न उघडता 'तपासली' अशी सही करणारा परीक्षक आणि हा अहवाल यांत फरक तो काय? चांगले अँटिव्हायरस अशा फायली निराळ्या मोजून 'तपासल्या नाहीत' असे स्पष्ट लिहितात. पण ती ओळ तळाशी बारीक अक्षरांत असते. अहवाल वाचावयाचाच असेल तर तळापासून वाचावा.

गाठोडी सोडण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो मला सर्वांत नवलाचा वाटला. पहारेकरी गाठोडे सोडतो तेव्हा त्याचे स्वतःचे हात आत असतात. २०१८ सालच्या एप्रिलमध्ये गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो'तले थॉमस डलिन यांनी दाखवून दिले की, मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधला जो घरचा पहारेकरी, त्याच्या 'रार' जातीची गाठोडी सोडण्याच्या कलमातच भोक आहे. ते कलम दुसऱ्याच्या तयार कलमावरून घेतले होते. घेताना त्यातल्या काही संख्या उणे होऊ शकत होत्या त्या फक्त अधिकच राहतील अशा केल्या, आणि 'ही संख्या उणे तर नाही ना?' ही जी तपासणी पूर्वी होती ती निरर्थक झाली. परिणाम असा की, मुद्दाम घडविलेले गाठोडे नुसते तपासावयास घेतले की पहारेकरीच शत्रूच्या ताब्यात जावा. घरधन्याने ते उघडण्याचीही गरज नाही! आणि पहारेकऱ्याच्या कमरेला घराच्या साऱ्या किल्ल्या. ते भोक लगेच बुजविले गेले. पुढे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या पहारेकऱ्याला एका बंदिस्त खोलीत बसवून काम करविण्याची सोयही मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. ही सोय असलेला अँटिव्हायरस मला अधिक विश्वासाचा वाटतो.

हे झाले शास्त्र. पण माझे मत ज्या प्रकाराने खरोखर ठरले तो आमच्या शेजारी घडला. शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांची मुलगी कॅनडात असते. तिची अकरा वर्षांची ईमेलची पत्रे, नातवंडांच्या पहिल्या पावलापासूनची छायाचित्रे, सगळी त्यांनी आपल्या संगणकावर जपून ठेवलेली. ती ज्या प्रोग्रॅममध्ये होती तो सारी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहीत जातो. एका रविवारी त्यांच्या अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी केली. सहा वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसाकडून आलेल्या एका पत्राला झिप जोडलेली होती, तिच्यात व्हायरस निघाला. अँटिव्हायरसला त्या फाइलीतून एकच पत्र उपटून काढता येईना. त्याने सबंध फाइल उचलली आणि कोठडीत टाकली. सोमवारी सकाळी मास्तरांनी पेटी उघडली तो ती रिकामी.

तीन दिवस त्यांनी कोणाला सांगितले नाही. आपल्याच हातून काही दाबले गेले असे त्यांना वाटत होते. चौथ्या दिवशी काकूंनी माझ्या पत्नीजवळ विषय काढला: "हे जेवत नाहीत हो धड. मुलीला काय सांगू म्हणतात." मग माझ्या भाच्याला बोलावले. त्याने कोठडीची यादी काढली, फाइल परत जागेवर आणली आणि ते एक पत्र शोधून तेवढेच काढून टाकले. अर्ध्या तासाचे काम. पण ते झाले ते एवढ्याचसाठी की, त्या अँटिव्हायरसला 'कोठडीत टाक' असे सांगितलेले होते. 'पुसून टाक' असे सांगितलेले असते तर अकरा वर्षे गेली होती. आणि तो व्हायरस? सहा वर्षे तो त्या झिपमध्ये निपचित पडून होता. कोणाच्या केसालाही त्याने धक्का लावला नव्हता.

मास्तर मला म्हणाले, "सर, एका पाकिटात विंचू निघाला म्हणून सबंध थैला जाळतात का हो? आमच्या खात्यात असे कोणी केले असते तर त्याच दिवशी सस्पेंड झाला असता."

ग्रंथपालांना मी माझे मत दिले ते यावरून. रोजच्या पहाऱ्यात गाठोडी सोडू नयेत; आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, सोडावीत; विद्यार्थ्यांचे पेन ड्राइव्ह मात्र लावल्याबरोबर आतूनबाहेरून पाहावेत; आणि काही सापडले तर 'पुसून टाक' नव्हे, 'मला विचार'. पदार्थविज्ञानवाल्यांनी परीक्षा घ्यावयाची म्हणून 'आयकार' नावाची फाइल आणली. ही अँटिव्हायरसवाल्यांनीच ठरविलेली ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. सगळे अँटिव्हायरस तिला पाहून व्हायरस असल्यासारखे ओरडतात. ती सुटी मिळते, झिपमध्ये मिळते आणि झिपच्या आतल्या झिपमध्येही मिळते. घरच्या पहारेकऱ्याची नजर किती थरांपर्यंत पोहोचते ते अजमावण्याचा हा बिनखर्ची मार्ग आहे.

पेन ड्राइव्हचा अपवाद मी का केला? कारण तिथे वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाते. वेशीवरचा नियम निराळा. ईमेल पोहोचविणारी जी मोठमोठी केंद्रे, कॉलेजच्या कार्यालयाचा जो सर्वांच्या वापराचा सर्व्हर, तिथे गाठोडे सोडलेच पाहिजे; पुढे ते ज्याच्या हाती पडणार त्याच्या घरी पहारेकरी जागा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसते. जीमेल तर चालणारी 'ईएक्सई' फाइल झिपमध्ये घालून दिली तरी घेत नाही. इथे पदार्थविज्ञानवाल्यांचे म्हणणे खरे.

आणि 'गाठोड्यात पाहू नका' हा नियम कोणी शब्दशः पाळावयाचे म्हटले तरी ते जमणारे नाही. २००७ सालच्या ऑफिसपासून वर्डचा जो 'डॉक्स' लेख आपण लिहितो, तो स्वतःच एक झिप आहे. एक्सेलचा तक्ताही तसाच. ईपब जातीचे पुस्तक आपण वाचतो तेही झिपच. त्याच्याही आरंभी ते 'पी' आणि 'के' आहेतच. विद्यार्थ्याने प्रबंध पाठविला म्हणजे गाठोडे पाठविले. तेव्हा अँटिव्हायरस अशा रोजच्या गाठोड्यांना निराळे ओळखून आत डोकावतोच.

फोनवरची 'एपीके' फाइल हीसुद्धा झिपच्याच कुळातली. २०२४ साली लग्नसराईत व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फायली येऊ लागल्या आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले. ओळखीच्या नंबरावरून पत्रिका आलेली. कोणाचे लग्न आहे हे पाहण्याची उत्सुकता आपल्याकडे जन्मजात. टिचकी मारून फोन जे विचारील त्याला 'होय' म्हटले की पत्रिकेच्या जागी एक प्रोग्रॅम फोनमध्ये बसतो आणि बँकेचे ओटीपी वाचू लागतो. लग्नपत्रिका ही एकतर छापील असते, नाहीतर चित्र किंवा पीडीएफ. तिला 'इन्स्टॉल' करावे लागत नाही, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना दिवाळीच्या फराळाच्या वेळी सांगून ठेवावे.

राहता राहिले कुलूप लावलेले गाठोडे. त्याच्यापुढे कोणताही चौकोन उपयोगाचा नाही, कारण पासवर्डवाचून अँटिव्हायरसला ते सोडताच येत नाही. हे व्हायरसवाल्यांनी फार पूर्वी हेरले. २००४ साली 'बेगल' नावाचा व्हायरस कुलूपबंद झिपमधून आला. किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच पत्रात लिहिलेली. अँटिव्हायरसवाल्यांनी आपल्या पहारेकऱ्याला पत्र वाचून पासवर्ड उचलावयास शिकविले. तेव्हा बेगलवाल्यांनी पासवर्ड अक्षरांत न लिहिता त्याचे चित्र काढून पाठविले! माणूस ते सहज वाचतो, यंत्राला त्या काळी ते साधेना. म्हणजे सारी दारे चुकवून व्हायरस आत घ्यावयाचा, कुलूप उघडावयाचे, ही कामे आपण स्वहस्ते करावीत अशी योजना. २०२० साली 'इमोटेट'वाल्यांनी पुन्हा तीच वापरली. तेव्हा कुलूपबंद झिप आणि तिची किल्ली एकाच पत्रातून आली, तर उघडण्यापूर्वी पाठविणाऱ्याला फोन करून 'हे तुम्हीच पाठविलेत का?' असे विचारावे. सध्याच्या दिवसांत दिवाळीचा फोन तसाही करावयाचा असतोच.